‘दिदास्कालोस’: मास्तर, गुरुजी की गुरू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. आधी तो माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला तो नीट कळलाय की नाही हे तुम्हालाही कळेल. तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तीस-बत्तीस वर्षं संडे स्कूल सांभाळलेल्या बाई आता थांबताहेत. निरोपाच्या दिवशी द्यायच्या पितळी स्मृतिचिन्हावर ग्रीक अक्षरांत ‘दिदास्कालोस’, म्हणजे शिकवणारा, असं कोरायचं तरुण संघाने ठरवलं, आणि मंडळीतल्या एका ज्येष्ठांनी त्यावर तीन हरकती घेतल्या. एक, हा शब्द येशूचा. बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या तेविसाव्या अध्यायात तो इतरांनी लावून घ्यायला मनाई आहे. दोन, शब्द पुल्लिंगी आहे, मग बाईंना कसा चालेल? तीन, त्याचा ‘खरा’ अर्थ गुरू आहे आणि संडे स्कूलच्या बाईंना गुरू म्हणणं जरा जास्तच होतं. तुम्ही बायबलातल्या शब्दांचा स्ट्राँगचा कोश उघडलात, १३२० क्रमांकापुढे डॉक्टर, मास्टर, टीचर असे तीन शब्द सापडले आणि होता तो गोंधळ आणखी वाढला.

मी बावीस वर्षं नव्या कराराची ग्रीक शिकवतेय, मधूनमधून मराठी अनुवाद तपासायचं कामही करते. या तीनही हरकती माझ्या वर्गात दरवर्षी कोणी ना कोणी घेतंच, त्यामुळे तुमच्या ज्येष्ठांवर रागावू नका. त्यातली एक बरीचशी बरोबरही आहे. कुठली ते पुढे येईल.

एक गोष्ट आधीच सांगते. काही मंडळ्यांत ‘शिक्षक’ हे हात ठेवून रीतसर नेमलेलं पद असतं, काहींत ते नुसतं काम असतं. रविवारी सकाळी जो फळा पुसतो तो शिक्षक. तुमच्याकडे यातलं काय आहे त्यावर थोडं अवलंबून राहील, आणि तो निवाडा ग्रीक व्याकरण करत नाही, मंडळीची घटना करते. मी शब्दापुरतं बोलेन.

कोशापासून सुरुवात करू, कारण निम्मा घोळ तिथला आहे. स्ट्राँगच्या कोशात शेवटी जे शब्द दिलेले असतात ते अर्थ नव्हेत. १६११ सालच्या इंग्रजी बायबलात त्या ग्रीक शब्दासाठी कुठे कुठे काय वापरलं, त्याची ती यादी आहे. ‘डॉक्टर’ आला तो लूकच्या दुसऱ्या अध्यायातून. बारा वर्षांचा येशू हरवतो आणि तीन दिवसांनी मंदिरात सापडतो, ‘डॉक्टरांच्या मध्ये बसलेला’. माझ्या एका विद्यार्थ्याने अगदी मनापासून विचारलं होतं, “मॅडम, आजारी होता का?” डॉक्टर म्हणजे मुळात शिकवणारा, लॅटिनमधल्या शिकवणे या क्रियापदावरून आलेला; औषध देणारे त्यावर नंतर बसले. ‘मास्टर’चंही तेच. दिदास्कालोससाठी वापरलेला तो शाळेतला मास्टर होता, मालक नव्हे. याकोबाच्या पत्रातलं ‘पुष्कळ जण शिक्षक होऊ नका’ हे वाक्य त्या जुन्या इंग्रजीत ‘मास्टर होऊ नका’ असं आहे. त्यावरून ‘मालकी गाजवू नका’ असं तासभराचं प्रवचन मी स्वतः पुढच्या बाकावर बसून ऐकलंय. प्रवचन चांगलं होतं. त्या वचनावर नव्हतं, इतकंच.

या बाबतीत मराठी सुदैवी. आपण तो इंग्रजी शब्द घेतला, त्याचा मास्तर केला आणि शाळेत बसवून टाकला. तो अजून तिथेच आहे. शिवाय टेलर मास्तर, बँड मास्तर, तालीम मास्तर असे त्याचे भाऊबंदही आहेत. या भाऊबंदांची आठवण ठेवा, लगेच उपयोगी पडणार आहे.

शब्दाची घडण पटकन सांगते. दिदास्कालोस हे ‘दिदास्को’, म्हणजे शिकवणे, या क्रियापदावरून आलं. पहिला ‘दि’ हा द्वित्वाचा. संस्कृत शिकलेल्यांना ददामि, दधामि आठवतील, तसाच. मूळ धातूचा अर्थ शिकणं, अंगी कसब असणं असा. अश्विनीकुमारांना वेदात ‘दस्र’ म्हणतात, अद्भुत करणी करणारे. तो शब्दही याच घराण्यातला मानतात. ऐकायला छान आहे. पण व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवू नका. ‘घासलेट’ कुठून आलं हे माहीत नसलं तरी स्टोव्ह पेटायचा. अर्थ वापरावरून कळतो, तेव्हा वापर बघू.

कॉलेजात असताना ग्रीक इतिहासकार हिरोडोटस वाचताना मी एका वाक्यावर तोंडघशी पडले. फ्रिनिकस नावाच्या अथेन्सच्या नाटककाराची हकीकत आहे. इसवी सनपूर्व ४९४ मध्ये इराण्यांनी मिलेटस शहर पाडलं, आणि या गृहस्थाने त्यावर नाटक लिहिलं. सगळं प्रेक्षागृह रडलं. आपल्याच माणसांचं दुःख आठवून दिलं म्हणून अथेन्सने त्याला १००० द्राख्मा दंड केला आणि ते नाटक पुन्हा कोणी करायचं नाही असा हुकूम काढला. त्या वाक्यात ‘नाटक रचलं’ याच्या पाठोपाठ दिदास्कोचं रूप येतं. मी ऐटीत भाषांतर केलं: “फ्रिनिकसने नाटक लिहिलं आणि शिकवलं.” आमचे सर चष्म्यावरून बघत म्हणाले, “कुठल्या इयत्तेला?”

तिथे त्या क्रियापदाचा अर्थ ‘नाटक बसवलं’ असा आहे. अथेन्समध्ये नाटककार स्वतःच वृंदाला, म्हणजे कोरसला, शब्द, चाली आणि पदन्यास घोटून घोटून पाठ करून घेत असे. डिथिरॅम्ब या समूहगीताच्या स्पर्धेत तर एकेका वृंदात ५० जण असत, आणि हे सगळे साधे नागरिक, धंदेवाईक नट नव्हेत. त्यांच्याकडून काम करून घेणारा तो दिदास्कालोस. म्हणजे आपल्या संगीत नाटक कंपन्यांतला तालीम मास्तर, तंतोतंत. कोणत्या वर्षी कोणी कोणती नाटकं बसवली, नंबर कोणाचा आला, याच्या नोंदींना ‘दिदास्कालिया’ म्हणत, आणि खुद्द अ‍ॅरिस्टॉटलने तशा नोंदी जमवल्या होत्या. यावरून शब्दाचा पोत लक्षात येतो. पुन्हा पुन्हा करून दाखवून समोरच्याच्या अंगी बाणवणारा माणूस, असा तो आहे. त्याच्या हाताखालचा माणूस शेवटी काहीतरी करून दाखवतो. नुसती माहिती देऊन मोकळा होणारा तो नव्हे.

शाळेतही हाच शब्द. शाळेला ‘दिदास्कालेइओन’ म्हणत. अक्षरं शिकवणारा वेगळा, वाद्य शिकवणारा वेगळा, कुस्ती-व्यायाम घेणारा वेगळा. त्यांची स्वतंत्र नावं होती, पण सगळ्यांना मिळून दिदास्कालोस चाले. यात ‘पैदागोगोस’ मात्र धरू नका. तो बिचारा घरचा गुलाम, मुलाला शाळेत सोडायचा-आणायचा आणि वाटेत वळण लावायचा. पौल करिंथकरांना लिहितो की तुम्हाला ख्रिस्तात दहा हजार पैदागोगोस असले तरी बाप पुष्कळ नाहीत. तिथे हाच गडी आहे, मास्तर नव्हे.

मान किती होता? अथेन्समध्ये, खरं सांगायचं तर, बेताचाच. इसवी सनपूर्व ३३० मध्ये प्रसिद्ध वक्ता डेमॉस्थेनिस भर न्यायसभेत आपला वैरी एस्किनिस याला हिणवतो, कशावरून? लहानपणी बापाबरोबर शाळेत राबायचास, शाई घोटायचास, बाकं स्पंजाने पुसायचास, खोली झाडायचास. पुढे म्हणतो, तू अक्षरं शिकवत होतास, मी शिकत होतो. शिकवणारा खालचा आणि फी भरून शिकणारा वरचा! आपल्याकडच्या पंतोजींना हे ओळखीचं वाटलं असतं. एखादा माणूस बरेच दिवस दिसला नाही तर ‘मेला असेल, नाहीतर कुठे अक्षरं शिकवत असेल’ अशी एक ग्रीक म्हणच होती.

उलट बाजूही आहे. इसवी सनपूर्व ३९९ च्या खटल्यात प्लेटोचा सॉक्रेटिस निक्षून सांगतो की मी कधी कोणाचा दिदास्कालोस झालो नाही. हा नुसता विनय नाही. दिदास्कालोस म्हटलं की फी आली, ठरलेला विषय आला, आणि विद्यार्थी बिघडला तर जबाबदारी आली. त्या आरोपातून त्याला अंग काढून घ्यायचंय. इतिहासकार थुसिडिडिस तर युद्धालाच ‘हिंसक दिदास्कालोस’ म्हणतो. तेव्हा या शब्दात मुळातच काही पावित्र्य आहे, तो कानावर पडला की हात जोडायचे, असं काही नाही. धंद्याचा शब्द आहे. पावित्र्य आलं तर ते ज्याला म्हटलं त्याच्यामुळे.

आता नवा करार. तिथे हा शब्द ५९ वेळा येतो, त्यातला मोठा भाग चार शुभवर्तमानांत, आणि तिथे बहुतेक वेळा येशूला उद्देशून. तुमच्या ज्येष्ठांची समजूत इथून आली असणार, आणि आकड्यांच्या हिशेबाने ती समजण्यासारखी आहे. पण ‘बहुतेक’ म्हणजे ‘फक्त’ नव्हे. लूकच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाला ‘दिदास्काले’ (दिदास्कालोसचं हाक मारतानाचं रूप) अशी हाक मारतात. मंदिरात बारा वर्षांच्या येशूभोवती बसलेले तेच. निकदेमाला येशू स्वतः म्हणतो, तू इस्राएलाचा दिदास्कालोस असून तुला हे समजत नाही? प्रेषितांच्या कृत्यांत अंत्युखियाच्या मंडळीतले संदेष्टे आणि शिक्षक म्हणून पाच नावं दिली आहेत: बर्णबा, शिमोन निग्र, कुरेनेचा लूक्य, मनाएन आणि शौल. पौल करिंथकरांना लिहिताना प्रेषित, संदेष्टे आणि तिसरे शिक्षक असा क्रमच लावतो. हा शब्द येशूपुरता राखून ठेवलेला नव्हता, इतकं यावरून निर्विवाद आहे.

हा शब्द कसा वागतो ते बघायचं तर मी विद्यार्थ्यांना वादळात नेते. एकच प्रसंग, तीन पुस्तकं. होडीत पाणी भरतंय, येशू मागच्या बाजूला झोपलाय. मार्क तर उशीसुद्धा सांगतो. शिष्य त्याला उठवतात. काय हाक मारून? मार्कात: ‘दिदास्काले’. मत्तयात: ‘कुरिए’, प्रभू. लूकात: ‘एपिस्ताता, एपिस्ताता’, घाईघाईने दोनदा.

हे तिघे एकमेकांना खोटं पाडत नाहीत. प्रत्येकाच्या घरातली बोलण्याची रीत वेगळी आहे. मार्कात शिष्यही सहज ‘दिदास्काले’ म्हणतात, आणि त्या प्रसंगात ते मनाला लागतं, कारण त्यापुढे ‘आम्ही बुडतोय याचं तुम्हाला काहीच नाही का’ असा चक्क राग आहे. आपल्या मास्तरांवर चिडलेली पोरं आहेत ती. मत्तयात मात्र एक शिस्त दिसते: जवळचे येशूला प्रभू म्हणतात; दिदास्काले म्हणतात ते शास्त्री, परूशी, बाहेरून प्रश्न घेऊन आलेले लोक. येशूला धरून देणारा यहूदा इस्कर्योत शेवटच्या रात्री दोनदा तोंड उघडतो आणि दोन्ही वेळा त्याच्या तोंडी ‘रब्बी’ आहे, प्रभू नाही. मत्तयाने ते सहज लिहिलंय असं मला वाटत नाही. लूकने शिष्यांसाठी तिसराच शब्द काढला, एपिस्तातेस, आणि नव्या करारात तो लूकशिवाय कोणी वापरत नाही. त्याचा साधा अर्थ देखरेख करणारा. निर्गमच्या पहिल्या अध्यायाच्या ग्रीक भाषांतरात मिसर देशात इस्राएलांवर जे मुकादम बसवले, त्यांना हाच शब्द आहे. लूकने तो प्रेमाने वापरलाय हे उघड आहे; आपण ‘आमचे साहेब’ म्हणतो तसा काहीसा. मी वापरते त्या मराठी प्रतीत मार्क आणि लूक दोन्हीकडे ‘गुरुजी’च आहे. अनुवादकाला दोष देत नाही. ‘मुकादम, मुकादम, बुडालो’ असं कोण लिहील?

आणखी एक जागा, मला सर्वांत आवडणारी. योहानाचा अकरावा अध्याय. मार्थाचा भाऊ लाजर जाऊन चार दिवस झालेत, घर माणसांनी भरलेलं आहे. मार्था गावाबाहेर येशूला भेटून घरी येते आणि बहिणीला हळूच सांगते: दिदास्कालोस आलेत, तुला बोलावताहेत. नाव नाही, पदवी नाही, प्रभू नाही. ‘सर आलेत.’ दुःखाच्या घरात ओळखीच्या माणसाबद्दल असंच कुजबुजतात. हा शब्द घरात किती रुळलेला होता ते या एका वाक्यात दिसतं. त्याच योहानात ‘रब्बी’ आणि ‘रब्बूनी’ या दोन्हींचा अर्थ दिदास्काले असा वाचकाला उलगडून दिलाय. रब्बूनी म्हणजे मग्दालीया मरीयेने कबरीपाशी मारलेली हाक.

आता मत्तय २३, म्हणजे पहिली हरकत. संदर्भ असा: शास्त्री-परूशी मेजवानीत मानाच्या जागा धरतात, बाजारात लोकांनी वाकून नमस्कार करावा, रब्बी म्हणावं असं त्यांना वाटतं. त्यावर येशू म्हणतो, तुम्ही रब्बी म्हणवून घेऊ नका, कारण तुमचा दिदास्कालोस एकच आहे आणि तुम्ही सारे भाऊ आहात. लगेच पुढे: पृथ्वीवर कोणाला पिता म्हणू नका. त्याच्याही पुढे: ‘कथेगेतेस’ म्हणवून घेऊ नका. हा शेवटचा म्हणजे वाट दाखवणारा, मार्गदर्शक. नव्या करारात फक्त इथेच येतो.

हे अक्षरशः घेतलं तर दुसऱ्या वाक्याने आपल्याला घरी वडिलांना बाबा म्हणायची चोरी होईल. तसं कोणी घेत नाही. त्या परिच्छेदाचा रोख ‘म्हणवून घेण्या’वर आहे, मानासाठी पुढे पुढे करण्यावर. म्हणून ज्येष्ठांची हरकत शब्दाबद्दल असेल तर ती टिकत नाही. ती मानाबद्दल असेल, म्हणजे मंडळीत कोणाला पितळेत कोरून मोठं करावं का, तर तिच्यात दम आहे, आणि मी वर ‘बरीचशी बरोबर’ म्हटलं ते याबद्दल. पण मग ती हरकत मराठीत ‘शिक्षिका’ कोरलं तरी तितकीच लागू होते. भाषा बदलून मान काही कमी होत नाही. त्यांना तुम्ही हे विचारून बघा, प्रेमाने.

याकोबाचं वचनही ते पुढे करतील असं तुमच्या लिहिण्यावरून वाटतं. ‘पुष्कळ जण शिक्षक होऊ नका, कारण आपला न्याय अधिक कडक होणार.’ या वाक्यात ‘आपला’ आहे, म्हणजे याकोब स्वतःला त्यांत धरतो. आणि लगेच पुढे जिभेचा सगळा अध्याय आहे, घोड्याचा लगाम, जहाजाचं सुकाणू, रान पेटवणारी ठिणगी. शिकवणाऱ्याचं हत्यार जीभ, म्हणून इशारा. याच्या शेजारी इब्री लोकांस पत्राचा पाचवा अध्याय ठेवा: एव्हाना तुम्ही शिक्षक व्हायला हवं होतं, आणि अजून दूधच पिताय! एक म्हणतो घाई करू नका, दुसरा म्हणतो किती उशीर. बत्तीस वर्षं शिकवलेल्या बाईंना यातला कोणता इशारा लागू करायचा ते तुम्हीच ठरवा.

दुसरी हरकत, लिंगाची. ही सर्वांत लवकर निकालात निघते. दिदास्कालोस दिसतो पुल्लिंगी, पण जुन्या ग्रीकमध्ये तो दोन्हीकडे चालतो. फरक उपपदाने (इंग्रजीतल्या ‘द’सारख्या, नामाआधी येणाऱ्या शब्दाने) किंवा सर्वनामाने कळतो. होमरच्या नावावर असलेल्या हर्मिसच्या स्तोत्रात भविष्य सांगण्याची विद्या शिकवणाऱ्या तीन मधमाशी-कन्या आहेत, आणि त्या दिदास्कालोइ आहेत. प्रोमिथियसच्या नाटकात त्याने चोरलेल्या अग्नीचा स्रोत माणसांना ‘सर्व कलांची दिदास्कालोस’ झाला असं म्हटलंय, तिथे सर्वनाम स्त्रीलिंगी आहे. तीताला लिहिलेल्या पत्रात वयस्क स्त्रियांनी ‘कालोदिदास्कालोस’ असावं, चांगलं ते शिकवणारं, असं आहे. शेवटचं उदाहरण ज्येष्ठांना आवडेल, कारण ते कोशातून नव्हे, पवित्र शास्त्रातून आहे. स्त्रियांनी मंडळीत शिकवण्याबद्दल तीमथ्याच्या पहिल्या पत्रातला वाद वेगळा आणि मोठा आहे. तो शब्दाच्या लिंगाने सुटत नाही आणि तुमच्या स्मृतिचिन्हाने पेटवायचीही गरज नाही. बाई मुलांना शिकवत होत्या आणि त्याला बत्तीस वर्षांत कोणी हरकत घेतली नव्हती.

तिसरी हरकत, ‘खरा अर्थ गुरू’. इथे मला जरा रेंगाळू द्या, कारण हे माझं रोजचं दुखणं आहे.

मराठीत शिकवणाऱ्याला शब्दांची कमतरता नाही. शिक्षक, अध्यापक, गुरू, गुरुजी, आचार्य, पंतोजी, मास्तर, सर, बाई, वस्ताद, बुवा. प्रत्येकाची खोली वेगळी. गुरू म्हटलं की दीक्षा येते, मंत्र येतो, गुरुपौर्णिमा येते, गुरूविण तरणोपाय नाही हा भाव येतो. दिदास्कालोसमध्ये यातलं काही नाही. तो शाई घोटणारा आहे. शिक्षक म्हटलं की दुसरीच पंचाईत: डीएड, वेतनश्रेणी, निवडणुकीची ड्युटी. शिष्य आपलं घरदार सोडून ज्याच्यामागे गेले त्याला नुसतं शिक्षक म्हणणं कानाला कोरडं लागतं. गुरू हा शब्द सर्वस्वी चूक आहे असंही मी म्हणणार नाही. जिथे समोर ‘मथेतेस’, शिष्य, उभा असतो तिथे शब्दाला तो रंग चढतो. लूकच्या सहाव्या अध्यायात आहे तसं: शिष्य गुरूपेक्षा थोर नाही, पण पूर्ण तयार झाला की आपल्या गुरूसारखा होईल. तिथे मी स्वतः गुरू ठेवते. इफिसकरांस पत्रात मंडळीतल्या देणग्यांची यादी आहे, तिथे गुरू घातला तर वाक्य मोडेल; तिथे शिक्षकच हवा. त्याच ओळीत पाळक आणि शिक्षक या दोघांना मिळून एकच उपपद आहे. ते एकच माणसं की दोन गट, यावर लोक तावातावाने भांडतात. अनेकवचनात एका उपपदावरून तसं सिद्ध होत नाही, एवढंच व्याकरण सांगतं. पुढचं ज्याचं त्याने आपल्या मंडळीच्या रीतीप्रमाणे भरलेलं असतं.

आणि हाक मारताना? तिथे ‘गुरुजी’ हा शब्द आपल्या जुन्या अनुवादकांनी निवडला, आणि तो सोन्यासारखा आहे. कारण गुरुजी म्हणजे गुरू नव्हे. गुरुजी म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेत चार इयत्ता एकत्र बसवणारे गुरुजी, अमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी. त्यात आदर आहे, जिव्हाळा आहे, धंदा आहे, आणि दिदास्काले या हाकेत नेमकं हेच होतं. शहरात आता गुरुजी म्हटलं की सत्यनारायण सांगायला आलेले भटजी उभे राहतात, त्यामुळे पुढच्या पिढीला हा शब्द किती दिवस पुरेल याची मला धास्ती आहे. पण ‘सर, आपण बुडतोय’ असं छापायला माझा हात अजून धजावत नाही. वर्गात वाचून दाखवते तेव्हा मात्र मुलं त्यालाच मान डोलावतात.

तेव्हा ज्येष्ठांना सांगायचं ते इतकंच: शब्द तुम्ही समजता तितका उंच नाही. संडे स्कूलच्या बाईंना तो मोठा होत नाही, मापाचा बसतो.

जाता जाता, ग्रीसमध्ये हा शब्द अजून जिवंत आहे. झिजून ‘धास्कालोस’ झाला, बाईंसाठी ‘धास्काला’ असं वेगळं रूप आलं, आणि तो मुख्यतः प्राथमिक शाळेच्या शिक्षकाला लावतात. मत्तय २३ मधला कथेगेतेस मात्र बढती मिळून माध्यमिक शाळेत आणि विद्यापीठात गेला. प्राध्यापकाला आज तोच शब्द आहे. येशूने ‘म्हणवून घेऊ नका’ म्हटलेली पदवी ग्रीसचे सगळे प्राध्यापक दारावर लावून बसलेत, याची मला दरवर्षी हा अध्याय शिकवताना गंमत वाटते. तिथे एक म्हणही आहे: अरे शिकवणाऱ्या धास्काले, तू स्वतः नियम पाळलाच नाहीस. आपलं ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण’. रोमकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल हेच विचारतो, दुसऱ्याला शिकवतोस, मग स्वतःला का शिकवत नाहीस?

म्हणून माझं मत: कोरा. फक्त तीन गोष्टी सांभाळा.

स्त्रीलिंगी उपपद लावायचं असेल तर ते ‘हे’ असं वाचलं जातं आणि मोठ्या लिपीत नुसत्या एका अक्षराने, आपल्या इंग्रजी एचसारख्या दिसणाऱ्या एटाने, लिहितात. ते लावलं की व्याकरणाची हरकत संपली. पण ‘हे दिदास्कालोस’ असं मराठीत कोणी मोठ्याने वाचलं की सभागृहात हसू फुटेल, तेव्हा निवेदकाला आधी सांगून ठेवा. मी असते तर उपपद गाळलं असतं आणि खाली मराठीत बाईंचं नाव आणि ‘शिक्षिका’ घातलं असतं.

दुसरं, लहान लिपीच्या भानगडीत पडू नका. तिथे शब्दाच्या शेवटचा सिग्मा शेपटीचा असतो आणि मधला वेगळा, शिवाय दुसऱ्या अक्षरावयवावर स्वराघाताची रेघ द्यावी लागते. मोठ्या लिपीत सगळे सिग्मा सारखे आणि रेघ लागत नाही.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं, कोरणाऱ्याकडे स्वतः जा. या शब्दात दहा अक्षरं आहेत आणि त्यांत तीन जाती एकमेकींसारख्या दिसतात: डेल्टा म्हणजे पूर्ण त्रिकोण, आल्फा म्हणजे मधे आडवी रेघ असलेला, आणि लॅम्डा म्हणजे खालून उघडा, नुसतं छप्पर. ज्याला ग्रीक येत नाही तो तिन्ही एकाच साच्यातून काढतो. आमच्या इथे एकदा एका फलकावर तसं झालं होतं आणि तो फलक अजून भिंतीकडे तोंड करून कपाटात आहे. मोजून घ्या: डेल्टा दोन, पहिला आणि तिसरा. आल्फा दोन, चौथा आणि सातवा. लॅम्डा एकच, आठवा. सिग्मा पाचवा आणि शेवटचा. कच्चा नमुना कागदावर आला की बोट ठेवून दहाही अक्षरं मोजा, मगच पितळेला हात लावू द्या.